बिनवाफेचं इंजिन

सुंडेचं इंजिन यायचं तेव्हा आधी शिट्टी ऐकू यायची, मग धूर दिसायचा, आणि मग पायाखालची वाट थरथरायची. त्या सप्टेंबरात ते ब्रेक्के कुटुंबाच्या फाटकाशी आलं तेव्हा फाटक बंद होतं आणि फाटकाच्या आत राग्ना उभी होती. हातात पेंढ्या उचलायचा लोखंडी पंजा, डोक्याला रुमाल, पायात नवऱ्याचे बूट.

"उघड की," इंजिनावरून एंगेब्रेट सुंडे ओरडला. "तुमची पाळी आहे."

"इंजिन आत येणार नाही."

मागच्या गाड्यांवर बसलेल्या मळणीच्या गड्यांनी माना उंचावल्या. आमच्या नॉर्डाल वस्तीत मळणीचं इंजिन एकट्या सुंडेचं. डाकोटाच्या त्या सपाट माळावर सगळ्यांचा गहू तोच मळून द्यायचा. कुणाचा आधी, कुणाचा नंतर, हे तो ठरवायचा, आणि म्हणून चर्चमध्ये पुढच्या बाकावर त्याच्यासाठी जागा आपोआप रिकामी व्हायची.

सुंडे खाली उतरला. रुमालानं मान पुसत फाटकापाशी आला.

"हे बघ राग्ना. झालं ते झालं. आयविंद माझ्याही पोरासारखा होता. पण तू दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस, बॉयलर सडका होता. पलीकडच्या वस्तीतली माणसं आता मला बोलावत नाहीत. रविवारी चर्चच्या अंगणात एवढंच म्हण, की दुःखात बोलून गेले, आयविंदला झोप लागली होती, बॉयलरमधलं पाणी उतरलेलं त्याला दिसलं नाही. मग तुमचा गहू दरवर्षी पहिला."

"आयविंद झोपला नव्हता."

"तू होतीस तिथे?"

"मी पाण्याचं मडकं घेऊन चालले होते त्याच्याकडे. तो उभा होता. उभा माणूस झोपतो का?"

आदल्या वर्षी सुंडेच्या जुन्या इंजिनाचा बॉयलर फुटला होता, तो ब्रेक्क्यांच्याच खळ्यात. राग्नाचा नवरा आयविंद ब्रेक्के ते इंजिन चालवत होता. त्याचा एक बूट गंजीवर सापडला. बाकीचं जे सापडलं ते त्याच्या बापानं घोंगडीत गोळा केलं होतं आणि राग्नाला बघू दिलं नव्हतं. तिनं बघितलंच होतं.

"हाही बॉयलर जुनाच, गळका. नवा आण," राग्ना म्हणाली. "मग ये."

"मग सडू दे गहू बर्फाखाली," सुंडे म्हणाला आणि इंजिनावर चढला. गड्यांपैकी कुणीतरी हसलं. शिट्टी झाली. इंजिन ओलाव हाउगेच्या वाटेला लागलं.

खळ्यात चार गंजी उभ्या होत्या, घराइतक्या उंच.

*

दुसऱ्या दिवसापासून राग्ना आणि तिचा सासरा टोलेफ काठीनं गहू झोडायला लागले. कोठाराच्या फळ्यांवर पेंढ्या पसरायच्या, समोरासमोर उभं राहायचं, एकानं मारायचं, दुसऱ्यानं उचलायचं. टोलेफ लोहार होता, त्याचे खांदे अजून भक्कम होते, पण गुडघे गेलेले. राग्नाच्या तळव्यांना फोड आले, फुटले, काठी ओली झाली. मग तिनं हातांना डुकराची चरबी लावून वर फडकं गुंडाळलं. कुसं गळ्यात, कानात, पापण्यांत शिरायची. संध्याकाळी दोघांच्या थुंकीत काळी धूळ असायची आणि गंजी होती तेवढीच दिसायची.

सासू आस्लाउग जेवण वाढताना त्यांच्याकडे बघायची नाही. बटाट्याच्या पोळ्या, खारवलेलं डुक्कर, काळी कॉफी. एक दिवस तिनं कॉफीचं भांडं जरा जोरात ठेवलं.

"दोन शब्द म्हणायचे तर म्हण की गं. मेलेल्याला काय फरक पडतो? तो माझा मुलगा होता, मी सांगते तुला."

"आई, तो माझाही होता."

"मग त्याच्या गव्हाला उंदीर खाऊ देतेस?"

"उंदीर निदान खोटं बोलायला लावत नाहीत."

टोलेफ मान खाली घालून चावत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "शहरात क्लोस्टरच्या दूधडेअरीत एक पेट्रोलवर चालणारं इंजिन होतं. लोणी घुसळायला. त्याचं डोकं तडकलं म्हणून मागे टाकून दिलंय त्यानं."

"पेट्रोलवर?" राग्ना म्हणाली. "म्हणजे वाफ नाही?"

"वाफ नाही. बॉयलर नाही."

राग्नानं पोळी खाली ठेवली.

*

बर्नहार्ड क्लोस्टर जर्मन होता आणि कॅथलिक. आमच्या लोकांचं त्याच्याकडे फारसं जाणं-येणं नव्हतं. राग्ना आणि टोलेफला दारात बघून तो म्हणाला, "अरे वा, लुथरवाले! वाट चुकलात की तुमच्या पाद्र्यानं हाकललं?"

"अजून हाकललं नाही," राग्ना म्हणाली. "तुमच्याकडे आल्याचं कळलं की हाकलेल."

तो पोट हलवत हसला. इंजिन कुंपणाशी पडलं होतं, उभं, एकाच नळीचं, कमरेइतकं. कोंबड्यांनी वर घाण केली होती. डोकं, म्हणजे नळीवरचं लोखंडी झाकण, तडकून बाजूला. टोलेफनं गुडघ्यावर बसून बाजूचं मोठं जडचाक हातानं फिरवलं, आतला दट्ट्या वरखाली झालेला ऐकला, आणि राग्नाकडे बघून मान हलवली.

"हे घेऊन काय करणार?" क्लोस्टरनं विचारलं.

"मळणी."

"आणि मळणीयंत्र?"

"ते नाही."

"माझ्याकडे आहे. जुनं, घोड्यांनी फिरवायचं. माझ्या बापाचं. कोठारात पडलंय, घुबड राहतं त्यात." त्यानं दाढी खाजवली. "दोन्ही घेऊन जा. टोलेफनं हिवाळाभर माझ्या घोड्यांना नाल मारायचे. आणि घुबडाला हळू उठवा, ते माझ्यापेक्षा धार्मिक आहे."

परतताना टोलेफ म्हणाला, "इंजिन खळ्यात एका जागी बसवू. पट्टा जोडला की झालं. चालवायची भानगड नको."

"नाही मामंजी. चाकांवर बसवायचं."

"कशाला? आपला गहू निघाला की पुरे."

"आणि पुढच्या वर्षी? ओलावचा, हान्सनचा, सगळ्यांचा गहू सुंडेच्याच हातात. हे रस्त्यानं चालत गेलं पाहिजे. स्वतःच्या पायांनी. घोडे न लावता, त्याच्या दारावरून."

म्हाताऱ्यानं लगाम सैल सोडला.

"चाकं कुठली आणायची एवढी?" तो म्हणाला. आणि विचारल्याबरोबर त्याला उत्तर माहीत असल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

चाकं खळ्याच्या कडेला गवतात पडली होती. फुटलेल्या इंजिनाची. मागची दोन मोठी, माणसाएवढी, पुढची दोन लहान, आणि मधली दातेरी चाकं, सगळी गंजलेली. वर्षभर ब्रेक्क्यांच्या घरातलं कुणी त्या बाजूला गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राग्ना विळा घेऊन गेली आणि त्यांच्याभोवतीचं गवत कापायला लागली. मागच्या चाकाच्या आऱ्यांत बोरूचं झाड उगवलं होतं, तेही तिनं मुळासकट उपटलं.

*

टोलेफच्या भट्टीचा धूर आता दिवसभर निघायला लागला. ओकच्या जाड तुळया, त्यांवर लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना भोकं. राग्ना भाता ओढायची, टोलेफ घण मारायचा. तुळया चाकांच्या आसावर चढवताना दोघांच्या पाठी मोडल्या. जडचाकाचा फिरता दांडा चाकांच्या दात्यांशी जुळवायला मधे आणखी दोन दातेरी चाकं लागत होती, ती टोलेफनं कापणीयंत्रातून काढली. कधी धरायची, कधी सोडायची, यासाठी एक दांडा केला. ओढला की इंजिन चाकांना धरणार, ढकलला की मोकळं.

राहिलं इंजिनाचं डोकं. ते नव्यानं ओतायलाच हवं होतं.

राग्नानं पाइनच्या लाकडात त्याचा नमुना कोरला. तिचा बाप लाकडी चमचे कोरून विकायचा, हात तिथला होता. नदीकाठची बारीक चिकट रेती आणून पेटीत ठोकून बसवली, नमुना काढला, साचा झाला. विटांची उंच भट्टी रचली, वरून कोळसा आणि मोडके नांगर टाकले, दोन भाते लावले. लोखंड वितळून पांढरं झालं तेव्हा टोलेफच्या भुवया जळाल्या होत्या. दोघांनी लांब दांड्याचं भांडं धरून ते साच्यात ओतलं. साचा फुसफुसला, निळ्या ज्योती निघाल्या.

गार झाल्यावर रेती झाडली, तर डोकं छान दिसत होतं. टोलेफनं कानसीनं घासलं. एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक निघालं, आतून पोकळ.

"हवा अडकली," तो म्हणाला. "काही नाही. पितळेची खुंटी मारतो. एवढा मोसम निघेल."

राग्नानं त्याच्याकडे बघितलं. तिनं घण उचलला.

"अगं! आठवड्याची मेहनत आहे ती!"

"मामंजी, आयविंदनं मला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? तो घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, बॉयलरच्या पोटाला ठिगळ मारलंय, सुंडे म्हणतो एवढा मोसम निघेल."

तिनं घण घातला. डोक्याचे तीन तुकडे झाले. टोलेफ उभा राहिला, मग खाली वाकून तुकडे गोळा केले आणि पुन्हा भट्टीत टाकायला घेऊन गेला.

दुसरं ओतलेलं सुबक निघालं. तिनं ते सगळीकडून लहान हातोडीनं वाजवून बघितलं. एकाच आवाजात वाजलं.

*

त्या रविवारी आस्लाउग एकटीच चर्चला गेली. प्रार्थनेनंतर बायका तळघरात कॉफी घेतात. ती आपल्या नेहमीच्या जागी बसायला गेली तर सुंडेच्या बायकोनं तिथे शाल ठेवली होती.

"जागा धरलीय," ती म्हणाली. "तुम्हाला वेळ असेल तर कप विसळता का, आस्लाउगबाई? तुमच्याकडे तसंही मळणीची गडबड नाही."

दुसरी कुणीतरी हळूच म्हणाली, "झोपायची सवय घरातलीच असेल."

आस्लाउगनं कप विसळले. सगळे. पुसून मांडले. मग शाल घेऊन पायी घरी आली. माळावर वारा होता, तिचे ओठ फुटले होते. दुपारी भट्टीच्या दारात काहीतरी जड घासत आणल्याचा आवाज आला. राग्ना बाहेर आली तर सासू दारात धापा टाकत उभी, आणि पायाशी बीअर उकळायचा तांब्याचा मोठा हंडा. तिच्या आईनं लग्नात दिलेला, नॉर्वेहून जहाजातून आणलेला. वर्षातून एकदा, ख्रिसमसला, चिंचोळ्या जिन्यावरून खाली यायचा.

"त्या इंजिनाला गार ठेवायला पाण्याची टाकी पाहिजे म्हणत होतात ना?"

"आई, हा हंडा..."

"भोक पाड त्याला. कुठे पाडायचं ते दाखव, मी पाडते."

*

कुणीतरी सुंडेला चाकांची बातमी दिली असणार. एका दुपारी तो दोन गडी आणि मोठी गाडी घेऊन आला.

"माझी चाकं आहेत ती," तो म्हणाला. "सोडवा."

टोलेफ पुढे झाला, पण राग्ना आधीच तुळईवरून खाली उडी मारून आली होती. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे.

"तुमचीच आहेत. वर्षभर माझ्या खळ्यात पडली होती. का नाही नेली?"

"वेळ झाला नाही."

"बॉयलर न्यायला झाला. आयविंदला आम्ही अजून घरात आणतच होतो, तोवर तुम्ही बॉयलरचा तुकडा न् तुकडा गाडीत भरून नेलात. एवढी घाई भंगाराची? चाकं ठेवलीत आणि फाटलेला पत्रा नेलात."

सुंडेचा गळा लाल झाला. "तोंड सांभाळ."

"घेऊन जा चाकं. पण बॉयलर परत आणा आधी. चर्चच्या अंगणात ठेवा. लोक बघतील त्याला ठिगळ होतं की नव्हतं. मग मी स्वतः चाकं सोडवून तुमच्या गाडीत भरीन."

बरोबर आलेला एक गडी होता पेडर. आयविंदनंतर सुंडेचं इंजिन तोच चालवायचा. तो घोड्याच्या लगामाशी काहीतरी करत राहिला, वर बघितलं नाही. सुंडेनं त्याला हाक मारली, "चल रे, सोडव." पेडर म्हणाला, "पाना आणला नाही." पाना त्याच्या खिशातून बाहेर दिसत होता.

गाडी रिकामी गेली.

*

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी बर्फाचा वास सुटला होता. टोलेफनं जडचाक धरून हिसका दिला. खोकला. दुसरा हिसका. पुन्हा खोकला. तिसऱ्याला जडचाक उलटं फिरलं आणि त्याचा पंजा पिरगाळून गेलं. मनगटातून कडकन आवाज झाला. म्हातारा खाली बसला, चेहरा राखेसारखा.

"थांबू नकोस," तो दातांवर दात धरून म्हणाला. "अंगठा वर ठेव. बोटांत धरू नकोस. नुसतं ढकल."

आस्लाउगनं त्याचं मनगट फळीला बांधलं आणि राग्नानं ढकललं. किती वेळा, कुणी मोजलं नाही. रुमाल सुटला, केस तोंडावर चिकटले. मग एकदम फट्, मग थोडं थांबून फट्, आणि मग फट् फट् फट्, तुळया हलायला लागल्या, हंड्यातलं पाणी थरथरलं, कोंबड्या कोठारावर चढल्या. टोलेफ रडत होता, हाताच्या दुखण्यानं की कशानं, ते त्याचं त्याला माहीत.

पट्टा जोडला. क्लोस्टर स्वतः आला होता, मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या सारत होता, आणि त्याच्या दोन मुली पोती धरत होत्या. गहू पडायला लागला. पिवळा नाही, जरा काळपट झालेला, पण टणक. आस्लाउगनं ओंजळ भरली आणि तोंडात टाकून दाढेखाली फोडला. "कोरडा आहे," ती म्हणाली.

चौथी गंजी निघेपर्यंत कुंपणाबाहेर माणसं उभी राहायला लागली होती. आधी लांब, मग कुंपणाला टेकून. ओलाव हाउगे फाटकातून आत आला. आपला गहू सुंडेनं अर्धा मळून सोडून दिला, वस्तीतल्याच एका मोठ्या शेतावर गेला, असं त्यानं सांगितलं. टोपी हातात फिरवत म्हणाला, "राग्ना, तुझं हे यंत्र... माझ्याकडे येईल का?"

"येईल," राग्ना म्हणाली. "चालत येईल."

*

ओलावच्या शेताला जाणारी वाट दलदलीतून जाते. मातीचा बांध घातलेला, एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना लव्हाळे आणि चिखल. राग्ना वर बसली होती, मागे मळणीयंत्र जोडलेलं, त्यावर आस्लाउग शाल लपेटून, आणि शेजारून बांधलेल्या हातानं टोलेफ चालत होता. बांधाच्या मध्यावर आले तेव्हा समोरून धूर दिसला.

सुंडेचं इंजिन बांधावर चढलं आणि येतच राहिलं. नाकाला नाक लागेपर्यंत. पेडरनं वाफ बंद केली. मागे गड्यांची गाडी होती.

"मागे घे!" सुंडे इंजिनाच्या पायरीवरून ओरडला.

"याला मागे जाता येत नाही," राग्ना म्हणाली. "तशी चाकं अजून बसवलेली नाहीत. याला फक्त पुढे जाता येतं."

गड्यांच्या गाडीतून हसू फुटलं. या वेळी ते सुंडेला लागलं.

"मग बस इथे. मी पण बसतो. बघू कोण हटतं."

राग्नानं पेट्रोलची तोटी बंद केली. इंजिन थांबलं. एकदम एवढी शांतता झाली की लव्हाळ्यातली बदकं ऐकू आली. तिनं फडक्यातली पोळी काढली, तिघांत वाटली. खाऊ लागली.

सुंडेचं इंजिन मात्र गप्प बसत नव्हतं. आत आग होती. ते सुसकारे टाकत होतं, आणि पोटाखालून थेंब थेंब गळून बांधावर चिखल होत होता. पाण्याची गाडी ओढ्यावर गेली होती, तिचा पत्ता नव्हता. पेडर बॉयलरचं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे बघायचा, मग वाटेकडे, मग पुन्हा नळीकडे.

"पाणी उतरलंय," तो म्हणाला.

"बघू नंतर."

"मालक, नळीच्या तळाला गेलंय. मागे घेऊन आग काढायला पाहिजे, नाहीतर बॉयलर फुटेल."

"अजून थोडं थांब," सुंडे म्हणाला. "ती हटणार आहे. बाईमाणूस आहे, कंटाळेल. अजून थोडं."

पेडर उभा राहिला. त्याचा चेहरा घामानं भिजला होता, थंडीत.

"आयविंदला पण असंच म्हणाला होतात," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. पण बांधावर दुसरा आवाजच नव्हता. "मी पेंढ्या टाकत होतो त्या दिवशी. तो ओरडला, पाणी संपलंय, ठिगळातून गळतंय, थांबवा. तुम्ही म्हणालात, ही गंजी होऊ दे. अजून थोडं."

"पेडर."

"मी आयविंद होणार नाही, मालक."

त्यानं दांडा ओढला. इंजिन मागे सरकायला लागलं. सुंडेनं त्याचा दंड धरला, पेडरनं झटकला. गड्यांनी आपली गाडी घाईनं मागे घेतली. वाफेचं ते धूड फुसफुसत, शिव्या दिल्यासारखं, बांधाच्या टोकाशी रुंद जागेत जाऊन थांबलं, आणि पेडर फावड्यानं आगीचे निखारे ओढून चिखलात फेकायला लागला. सुंडे पायरीवर तसाच उभा होता. गड्यांपैकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

राग्ना जागची हलली नव्हती. पोळीचा तुकडा हातात तसाच. टोलेफ म्हणाला, "ऐकलंस पोरी?"

"मला ठाऊकच होतं, मामंजी," ती म्हणाली. "त्या गड्यांनी ऐकलं का ते बघा."

ती खाली उतरली आणि जडचाकाला खांदा लावला. पहिल्याच ढकलण्याला इंजिन बोललं. ते सुंडेच्या शेजारून, हातभर अंतरावरून गेलं. राग्नानं मान वळवली नाही. आस्लाउगनं वळवली. मळणीयंत्रावर ताठ बसून, शाल सारखी करून, त्याच्याकडे बघत राहिली, नजरेआड होईपर्यंत.

ओलावच्या खळ्यात अर्धी वस्ती जमली होती. त्याच्या बायकोनं बायकांच्या टेबलाशी मधली खुर्ची ओढून आस्लाउगला बसायला सांगितलं. ती बसली नाही. यंत्राशीच उभी राहिली.

ओलावनं मोठ्या चाकावर थाप मारली. "छान आहे. पण म्हणायचं काय याला? वाफ नाही, घोडा नाही. नाव काय?"

राग्ना पट्टा ओढत होती, तिनं ऐकलं नाही.

"आयविंद," आस्लाउग म्हणाली.

ओलावनं टोपी काढली. मग मागून कुणी तरुण गडी म्हणाला, "आयविंद सुरू करायचा का मग?"

"कर," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं हाक मार. चर्चपर्यंत जाऊ दे."